मेमरीचा सातबारा आणि मेमरीचा ताबा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज इथे जमलो आहोत, त्या सरांच्या वर्गात मी दोन वर्षं गणित शिकलो. उदाहरण सोडवून वही पुढे केली, की सर उत्तराकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "ताळा केलास का?" भागाकार असेल तर भाजकाला भागाकाराने गुणायचं, बाकी मिळवायची, आणि भाज्य परत येतो का ते पाहायचं. भाज्य परत आला तरच ते उत्तर. तोपर्यंत तो फक्त एक आकडा. मी पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेलो, सी भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात आयुष्य घालवलं, आणि सरांचा तो प्रश्न मला रोज उपयोगी पडला. म्हणून आजचा विषय मी ताळ्याचाच निवडला आहे.

विषय दिसायला अगदी साधा आहे. सी भाषेतल्या एखाद्या प्रोग्रॅमला एका यंत्रावर जास्तीत जास्त किती मेमरी मिळू शकते? आणि ती किती मिळते, हे तपासायचं कसं? सभागृहात संगणक शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत, आणि संगणकाशी फक्त मोबाइलपुरता संबंध असलेलेही आहेत. तुम्हा सर्वांना घेऊन मी चार टप्प्यांनी जाणार आहे. हा प्रश्न पूर्वी सोपा का होता. आज एकाच यंत्रावर त्याची वेगवेगळी उत्तरं का येतात. खोट्या उत्तराची किंमत कोण मोजतं. आणि शेवटी, मुळात तपासायचं काय.

पहिला टप्पा इतिहासाचा. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. ती वाढली ती पीडीपी-११ या यंत्रावर. त्या यंत्राचा पत्ता सोळा बिटांचा. सोळा बिटांत किती घरांचे क्रमांक लिहिता येतात? ६५,५३६. म्हणजे ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. त्या ६४ किलोबाइटांत प्रोग्रॅम करणारी माणसं एकेक बाइट जपून वापरत होती. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात मेमरी वाटून देणारी छोटी यंत्रणा त्यांनी स्वतः लिहून दाखवली आहे. मोकळ्या तुकड्यांची एक साखळी ठेवायची, कुणी मागितलं की पुरेसा तुकडा शोधून द्यायचा, परत आला की साखळीत जोडायचा. मोजक्या ओळींचं काम. पण ते वाचलं, की मेमरी आकाशातून पडत नाही, ती कुणीतरी हिशेबाने वाटतं, हे मनात पक्कं बसतं.

या वाटपाच्या कामाला सी भाषेत 'मॅलॉक' म्हणतात. तुम्ही मॅलॉकला सांगता, मला इतके बाइट हवेत. ते तुम्हाला त्या जागेचा पत्ता देतं. जागा नसेल तर 'नल' देतं, म्हणजे कुठलाच नसलेला पत्ता. करार एवढाच. मग जास्तीत जास्त किती मिळतं, हे शोधायला काय अवघड आहे? मागत राहायचं, नल आला की थांबायचं, आणि तोपर्यंत मिळालेल्याची बेरीज करायची. ज्या यंत्रात पत्ता म्हणजे खरोखरची जागा होती, तिथे हे उत्तर खरं होतं. वाणी पोत्यातून धान्य मापून देतो आहे आणि पोतं आपल्याला दिसतं आहे, असा तो व्यवहार होता.

आता दुसरा टप्पा. आज ही सोपी चाचणी काय सांगते?

समजा आपल्यापुढे लिनक्सवर चालणारं, ८ गिगाबाइट मेमरीचं साधं यंत्र आहे. आपण एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. एकेक गिगाबाइट मागायचा, मिळाला की मोजणी एकने वाढवायची, नल आला की थांबायचं. प्रोग्रॅम चालवतो. मोजणी आठावर थांबेल असं वाटतं. ती आठ ओलांडते. शंभर ओलांडते. हजार ओलांडते. आठ गिगाबाइटचं यंत्र हजारो गिगाबाइट देतं, आणि दर वेळी पत्ता देतं, नल देत नाही!

बरं, आता तोच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने विचारू. एकेक गिगाबाइट मागण्याऐवजी एकदाच मोठी मागणी करू. हजार गिगाबाइट मागितले, नकार आला. पाचशे मागितले, नकार. अडीचशे, नकार. असं निम्मं निम्मं करत गेलं, की आपण एका आकड्यावर स्थिरावतो, आणि तो आकडा यंत्रातली मेमरी अधिक ती अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप, यांच्या बेरजेच्या आसपास असतो. म्हणजे एकाच यंत्राला, एकाच दिवशी, एकच प्रश्न दोन पद्धतींनी विचारला, आणि दोन उत्तरं आली. एक आठ-दहाच्या घरातलं, दुसरं हजारांतलं. सर असते तर म्हणाले असते, दोन रीतींनी दोन उत्तरं येत असतील, तर आधी प्रश्न तपासा.

याचं कारण समजून घ्यायला मी तुम्हाला संगणकातून थोडं बाहेर, तलाठी कार्यालयात नेतो. सातबारा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात सांगतो, जमीन कुणाच्या नावावर आहे. गाव नमुना बारा सांगतो, त्या जमिनीत पीक काय उभं आहे. सातवर नाव लागलं म्हणजे बारावर पीक आलं असं होत नाही. आणि नाव आपलं, वहिवाट दुसऱ्याची, अशी किती शेतं किती घरांना कोर्टाची पायरी चढायला लावतात, हे इथल्या अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आजचं मॅलॉक तुमचं नाव सातवर लावतं. बारावर काही लिहीत नाही. तुम्हाला मिळतो तो आभासी पत्ता. खरी मेमरी, म्हणजे चिपमधली जागा, त्या क्षणी तुम्हाला मिळालेलीच नसते. ती कधी मिळते? तुम्ही त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिता तेव्हा. तुम्ही लिहायला जाता, प्रोसेसरला त्या पत्त्यामागे खरी जागा सापडत नाही, तो अडतो आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतो. याला 'पेज फॉल्ट' म्हणतात. कर्नल एक खरं पान शोधतो, सामान्यतः ४,०९६ बाइटांचं, ते शून्यांनी पुसून तुमच्या पत्त्याला जोडतो, आणि काम पुढे चालू होतं. एका गिगाबाइटात अशी २,६२,१४४ पानं. एकेक पान, हात लागेल तसं, ताब्यात येतं.

पत्ता आणि जागा यांची अशी फारकत आजची नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलास संगणकात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली. आज आपण वापरतो त्या चौसष्ट बिटांच्या नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर एका प्रोग्रॅमच्या वाट्याला १२८ टेराबाइटांचे पत्ते येतात. १२८ टेराबाइट म्हणजे १,३१,०७२ गिगाबाइट. आठ गिगाबाइटच्या यंत्रात! गावात जमीन आठ एकर, आणि सातबाऱ्याच्या कोऱ्या पानांत सव्वा लाख एकरांची जागा. मग मोजणी हजारांत गेली याचं नवल ते काय? आपण जमीन मोजतच नव्हतो. आपण कागद मोजत होतो.

आणि एकदम मोठी मागणी का नाकारली गेली? कारण कर्नलचा नेहमीचा नियम असा आहे, की एकच मागणी उघड उघड अशक्य असेल तर नकार द्यायचा, आणि बाकी मागण्यांची बेरीज करत बसायचं नाही. म्हणून एकरकमी मागितलं तर दार बंद, आणि थोडं थोडं मागितलं तर दार उघडं.

मग ताळा कसा करायचा? हात लावून. मागितलेल्या प्रत्येक पानात निदान एक बाइट लिहून पाहायचा. पण इथेही सावध राहावं लागतं, कारण यंत्रणा हुशार आहे. तुम्ही नुसतं वाचून पाहिलंत, तर कर्नल तुमची सगळी पानं शून्यांनी भरलेल्या एकाच सामाईक पानाकडे वळवतो. वाचणाऱ्याला शून्यंच तर दिसायची आहेत, त्यासाठी वेगळी जागा कशाला? म्हणजे वाचन हा ताळा होत नाही. बरं, लिहू, पण शून्य लिहू. तर कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, पाहतो, की मॅलॉकनंतर लगेच सगळीकडे शून्य भरलं आहे. तो त्या दोन पायऱ्या एकत्र करून शून्यं भरलेली जागा देणारं 'कॅलॉक' वापरतो. कॅलॉकला ठाऊक असतं, की कर्नलकडून आलेली ताजी पानं मुळातच शून्य असतात. मग ते त्यांना हातही लावत नाही. शून्य लिहिणं हाही ताळा झाला नाही. आणि मिळालेली जागा तुम्ही कुठे वापरलीच नाहीत, तर काही कंपायलर ती मागणीच प्रोग्रॅममधून पुसून टाकतात. तुमचा प्रोग्रॅम आनंदाने सांगतो मिळाली, आणि मुळात कुणी मागितलेलीच नसते!

अजून एक. तुम्ही शून्य सोडून दुसरा एखादा आकडा सगळीकडे लिहिलात, आणि यंत्रावर मेमरी दाबून ठेवण्याची सोय चालू असेल, तर एकसारख्या मजकुराची पानं दाबली जाऊन चिमुकली होतात, आणि मोजणी पुन्हा फुगते. म्हणून खरा ताळा हवा असेल तर प्रत्येक पानात वेगवेगळा, अनियमित मजकूर भरावा लागतो. पाहा मित्रहो, एका साध्या प्रश्नाचा प्रामाणिक ताळा करायला किती पायऱ्या उतराव्या लागल्या. मागून पाहिलं, पुरलं नाही. वाचून पाहिलं, पुरलं नाही. शून्य लिहून पाहिलं, पुरलं नाही. पेरल्याशिवाय शेत आपलं झालं की नाही, हे कळतच नाही.

आता तिसरा टप्पा, आणि माझ्या मनाला सर्वांत जवळचा. या कागदावरच्या वाटपाची किंमत कोण मोजतं?

आधी न्यायाने हे सांगायला हवं, की कर्नलने हा मार्ग लबाडीने घेतलेला नाही. युनिक्सच्या पठडीत, आणि लिनक्स त्याच पठडीतलं, नवा प्रोग्रॅम सुरू होतो तो 'फोर्क' करून, म्हणजे चालू प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढून. आता ५ गिगाबाइट वापरणाऱ्या प्रोग्रॅमला एक छोटंसं काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचं आहे. प्रत काढायची म्हणजे कागदोपत्री आणखी ५ गिगाबाइट हवेत. प्रत्यक्षात ती प्रत क्षणभरात दुसरंच रूप घेणार असते, म्हणून दोघांना तीच पानं दाखवायची, आणि कुणी लिहायला गेलं तरच वेगळं पान काढून द्यायचं, अशी सोय असते. हिशेब कडक ठेवला, तर आठ गिगाबाइटच्या यंत्रावर हे साधं काम अडेल. लग्नघरात सगळ्यांना माहीत असतं, की पत्रिका हजार वाटल्या तरी पानं सहाशे-सातशेच बसणार. तेवढ्या अंदाजावर आचारी स्वयंपाक करतो, आणि बहुतेक लग्नं नीट पार पडतात. कर्नल तेच करतो. याला 'ओव्हरकमिट' म्हणतात.

पण एखाद्या दिवशी हजारच्या हजार माणसं पंगतीला आली तर? इथे संगणक लग्नघरापेक्षा निष्ठुर होतो. कर्नलला द्यायला पान उरत नाही, डिस्कवर ढकलायलाही काही उरत नाही, तेव्हा तो 'ओओएम किलर' (ओओएम म्हणजे 'आउट ऑफ मेमरी') नावाची यंत्रणा उठवतो. ती चालू प्रोग्रॅमांवर नजर टाकते, मुख्यतः सर्वांत जास्त मेमरी कुणी धरली आहे ते पाहते, आणि त्याला नऊ क्रमांकाचा संदेश पाठवते. हा संदेश अडवता येत नाही, ऐकता येत नाही, मरण्यापूर्वी फाइल जतन करायलाही सवड मिळत नाही.

नीट लक्षात घ्या. मॅलॉकने नल दिला असता, तर प्रोग्रॅमला काहीतरी करता आलं असतं. काम आवरतं घेतलं असतं, वापरणाऱ्याला सांगितलं असतं. इथे नल कधी येतच नाही. नल आला तर काय करायचं, याच्या आपण काळजीने लिहिलेल्या ओळी कधी चालतच नाहीत. पत्ता मिळाला, करार झाला, आणि नंतर एका साध्या लिहिण्याच्या ओळीवर सगळं संपलं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हीच चाचणी एका सामाईक सर्व्हरवर चालवली. किती मिळतं ते पाहावं, एवढीच उत्सुकता. यंत्र १६ गिगाबाइटचं होतं. माझा प्रोग्रॅम पानामागून पान भरत गेला. माझा अंदाज होता, की मर्यादा आली की माझाच प्रोग्रॅम थांबेल. त्याच यंत्रावर एक डेटाबेस चालू होता, आणि त्याने माझ्यापेक्षा जास्त मेमरी धरलेली होती. मर्यादा आली तेव्हा डेटाबेस गेला. माझा प्रोग्रॅम मात्र पुढे भरत राहिला, कारण आता भरपूर जागा मोकळी झाली होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं त्या दुपारचं काम वाया गेलं. ती मला एक शब्दही बोलली नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून तिने ते पुन्हा केलं, आणि मी तिच्याबरोबर बसलो. त्या संध्याकाळी मला जे समजलं, ते कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट समजलं नसतं. सामाईक यंत्रावर मेमरी मागणं हा दोघांतला व्यवहार नसतो. मागणारा एक, देणारा एक, आणि भरणारा तिसराच असू शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांनो, ही चाचणी जरूर करा, पण कुंपणात करा. शेलमध्ये 'यूलिमिट' आहे, प्रोग्रॅमच्या आतून मर्यादा घालण्याची सोय आहे, आणि कंट्रोल ग्रुपमध्ये एखाद्या गटाला ठरावीक मेमरीच्या बाहेर जाऊ न देण्याची व्यवस्था आहे. ज्यांना कागद आणि ताबा यांत अंतरच नको, त्यांच्यासाठी लिनक्समध्ये कडक हिशेबाची पद्धत आहे. त्यात सगळ्यांना मिळून दिलेल्या शब्दाची बेरीज ठेवली जाते, आणि मर्यादा धरली जाते ती स्वॅप अधिक मेमरीचा ठरावीक हिस्सा. काही बदललं नाही तर तो हिस्सा निम्मा. विंडोजचा तर स्वभावच असा, की दिलेल्या शब्दामागे मेमरी किंवा डिस्कवरची फाइल यांतली जागा राखून ठेवायची. तिथे नकार आधी येतो, काहीतरी करणं हातात असताना येतो.

आता चौथा आणि शेवटचा टप्पा. मुळात तपासायचं काय?

इथे मी तुम्हाला मंगळावर नेतो. अमेरिकेच्या नासाचं स्पिरिट हे यान २००३ च्या जूनमध्ये निघालं आणि जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलं. त्यात १२८ मेगाबाइट मेमरी होती, आणि फाइली साठवायला २५६ मेगाबाइटांची फ्लॅश. उतरल्यावर अठराव्या मंगळदिवशी यानाशी नीट बोलणं होईना. ते पुन्हा पुन्हा स्वतःला बंद करून सुरू करत होतं. रात्री झोपायला हवं तेव्हाही झोपत नव्हतं, बॅटरी खाली येत होती. करोडो किलोमीटरवरच्या यंत्राला काय झालं असावं?

झालं होतं ते असं. सात महिन्यांच्या प्रवासात आणि उतरल्यानंतर फ्लॅशमध्ये फाइली साठत गेल्या होत्या. त्या फाइलींची यादी यान मेमरीत ठेवत असे. फाइली वाढल्या, यादी वाढली, आणि एके दिवशी यादीने मागितलेली मेमरी मिळाली नाही. आता पाहा. मेमरी संपणं हे संकट होतं, पण त्याहून मोठं संकट दुसरीकडे होतं. मेमरी न मिळाल्यास मागणाऱ्याला तसं सांगण्याऐवजी ते कामच थांबवावं, अशी व्यवस्था लावलेली होती. काम थांबलं, यान पुन्हा सुरू झालं. सुरू होताच त्याने पहिलं काय केलं? तीच यादी मेमरीत वाचायला घेतली. पुन्हा मेमरी नाही, पुन्हा तेच. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी त्याला फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा दिली, चक्र तोडलं, जुन्या फाइली साफ केल्या, आणि फेब्रुवारीत यान पुन्हा कामाला लागलं. त्यानंतर ते काही वर्षं मंगळावर राबलं.

पृथ्वीवर यानाच्या चाचण्या पुष्कळ झाल्या होत्या. इतके दिवस सलग, इतक्या फाइली साठवत मात्र झालेल्या नव्हत्या. मेमरी मिळाली तर काय होतं, हे हजारदा पाहिलेलं होतं. नाही मिळाली तर काय होतं, हे मंगळावर पाहावं लागलं.

आणि याच्या उलट उदाहरण तुमच्या खिशात आहे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस सी भाषेत लिहिलेला आहे, आणि अँड्रॉइड असो वा आयफोन, तो प्रत्येक फोनमध्ये असतो. त्याचे कर्ते त्याची चाचणी कशी घेतात? ते एक बनावट मॅलॉक बसवतात. पहिली मागणी मुद्दाम नाकारतात, आणि प्रोग्रॅम नीट सावरतो का ते बघतात. मग पहिली मागणी देतात आणि दुसरी नाकारतात. मग तिसरी. मग चौथी. एकही नकार न येता काम पूर्ण होईपर्यंत हे चालू राहतं. प्रत्येक पायरीवर पाय घसरवून पाहायचा, आणि माणूस पडला तरी डोकं फुटत नाही ना, हे बघायचं. मला यापेक्षा सुंदर ताळा माहीत नाही. नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली सुरक्षित प्रोग्रॅमसाठी दहा नियम मांडले. त्यातला एक नियम सांगतो, की सुरुवातीची मांडणी एकदा झाली, की नंतर मेमरी मागायचीच नाही. शिधा निघण्याआधी मोजून घ्या, वाटेत मागू नका.

मित्रहो, समारोप करतो. आपण निघालो होतो, किती मिळेल हे विचारत. पहिल्या टप्प्यात पाहिलं, की एके काळी हा आकडा खराखुरा होता. दुसऱ्यात पाहिलं, की आज तो सातबाऱ्यावरचा आकडा आहे, आणि ताबा लिहिल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्यात पाहिलं, की कागदावर वाटलेल्याची वसुली कधी कधी तिसऱ्याकडून होते. आणि चौथ्यात पाहिलं, की किती मिळेल यापेक्षा न मिळाल्यावर काय होईल, हा प्रश्न मोठा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण पैशाबद्दल वापरतो. मेमरीबद्दल ती तितकीच खरी आहे, फक्त एका अटीवर. अंथरूण डोळ्यांनी पाहू नका, हाताने चाचपून बघा.

इथे बसलेल्या मुलामुलींनी आज घरी जाऊन हा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहावा. कुंपण घालून चालवावा. आकडा येईल. तो घेऊन लगेच कुणाकडे धावू नका. वही पुढे केल्यावर सर काय विचारायचे, ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.